निषेध झाला, पुढं काय?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या पेढीवर उडीद मागितला की व्यापारी आधी विचारतो, "देशी की बर्मा?" बर्मा म्हटलं की पुढचा प्रश्न प्रतीचा, "एफएक्यू की एसक्यू?" म्हणजे सर्वसाधारण की खास. तुरीत ‘लेमन’ म्हणून जी येते तीही तिकडचीच. आपल्या घुट्यात आणि पापडात जाणारा बाहेरचा उडीद बहुतेक म्यानमारमधूनच येतो. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतानं पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून घ्यायचा करार जाहीर केला. आणि त्याच जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारच्या लष्कराविरुद्ध ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवरच्या, पण एकाच गोष्टीच्या. ‘जगभरातून निषेध’ या मथळ्याखाली प्रत्यक्षात सहा-सात निरनिराळी कामं कोंबलेली असतात. निवेदनं, प्रतिनिधित्वाची खुर्ची, बँकखाती, शस्त्रं, इंधन, पुरावे, निर्वासित. प्रत्येकाचं दप्तर वेगळं, नियम वेगळे आणि वेगही वेगळा. यातलं सगळ्यात जास्त छापून येतं निवेदनांबद्दल, आणि सगळ्यात कमी फरक पडतो त्यांनीच. म्यानमारचं उदाहरण घेऊन हे सुटं करून बघू, कारण तिथं यातली जवळजवळ प्रत्येक यंत्रणा वापरून झाली आहे आणि कुठली कुठं अडकली तेही दिसतं.

आधी सेनापतींनी कागद कसे रंगवले ते. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत संसदेच्या पंचवीस टक्के जागा लष्कराला राखीव आहेत, आणि घटनादुरुस्तीला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे लष्कराला नको असलेली दुरुस्ती होऊच शकत नाही. एवढं असूनही नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान स्यू की यांचा पक्ष दणदणीत जिंकला आणि नवी संसद भरणार त्याच दिवशी पहाटे धरपकड झाली. घटनेच्या कलम ४१७ खाली आणीबाणी राष्ट्राध्यक्षच जाहीर करू शकतो. म्हणून राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेतलं, लष्करानंच नेमलेल्या उपराष्ट्राध्यक्षाला प्रभारी केलं आणि त्याच्याकडून सही घेतली. स्यू की यांच्यावर पहिला गुन्हा काय, तर बेकायदा आयात केलेले वॉकीटॉकी बाळगल्याचा.

हा सगळा खटाटोप बाहेरच्यांसाठी असतो. अमेरिकेच्या कायद्यात निवडून आलेलं सरकार लष्करानं उलथवलं असं परराष्ट्र खात्यानं ठरवलं की त्या सरकारची मदत थांबवावी लागते. त्यामुळं ठरवायचं की नाही हाच राजकीय निर्णय होऊन बसतो. म्यानमारच्या बाबतीत तो दुसऱ्याच दिवशी झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये २६ जुलै २०२३ ला उठाव झाला, तिथं अमेरिकेचा ड्रोनतळ होता, आणि निर्णय आला १० ऑक्टोबरला. इजिप्तमध्ये २०१३ साली लष्करानं निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला हटवलं, त्याबद्दल तो कधी झालाच नाही.

आता संयुक्त राष्ट्रं. सुरक्षा परिषदेच्या कागदांची उतरंड माहीत नसेल तर बातमी वाचून काहीच कळत नाही. सगळ्यात खाली प्रेस निवेदन. त्याला पंधराही सदस्यांची संमती लागते, म्हणून ते गुळमुळीत असतं, आणि ते कुणावर बंधनकारक नसतं. त्याच्या वर अध्यक्षीय निवेदन. तेही सर्वसंमतीनंच होतं, पण औपचारिक बैठकीत होतं आणि परिषदेच्या अधिकृत कागदपत्रांत दाखल होतं. त्याच्या वर ठराव. त्याला नऊ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणी नकाराधिकार वापरायला नको. ठरावातही सनदेच्या सातव्या प्रकरणाचा आधार घेतला आहे का ते बघायचं, कारण शस्त्रबंदी किंवा आर्थिक निर्बंध लादायचे तर ते प्रकरण लागतं.

म्यानमारबाबत ४ फेब्रुवारी २०२१ ला प्रेस निवेदन आलं, १० मार्चला अध्यक्षीय निवेदन आलं, आणि ठराव आला २१ डिसेंबर २०२२ ला. मध्ये बावीस महिने गेले. ठराव क्रमांक २६६९ ला बारा मतं मिळाली. चीन, रशिया आणि भारत तटस्थ. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद भारताकडंच होतं. ठरावात हिंसा थांबवा, कैद्यांना सोडा असं आहे. शस्त्रबंदी नाही, सातवं प्रकरण नाही. म्हणजे उद्या एखाद्या देशानं म्यानमारला तोफा विकल्या तर तो या ठरावाचा भंग ठरत नाही. शस्त्रांचा ओघ थांबवा असं म्हणणारा कागद आमसभेचा, १८ जून २०२१ चा. बाजूनं ११९ मतं, विरोधात फक्त बेलारूस, तटस्थ ३६. पण आमसभेचे असे ठराव शिफारशीच्या स्वरूपाचे असतात.

भारताच्या तटस्थतेवर आपल्याकडं दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे लाज वाटण्याजोगी गोष्ट, दुसरं म्हणजे परराष्ट्रनीतीत भावनेला जागा नसते. माझ्या मते दोन्हींत घाई आहे. १,६४३ किलोमीटरची सीमा, पलीकडं दबा धरून बसलेले ईशान्येतले बंडखोर गट, चीनची वाढती पकड, ही कारणं खोटी नाहीत. पण तटस्थ राहून पडद्याआड बोलू असं म्हणायचं, तर त्या बोलण्यातून काय मिळालं हेही विचारायला हवं. २७ मार्च २०२१ ला लष्करदिनाच्या संचलनाला ज्या आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते त्यांत भारत होता. त्याच दिवशी देशभर शंभराहून अधिक माणसं गोळ्यांना बळी पडली.

खुर्चीचं प्रकरण निवेदनांपेक्षा बोलकं आहे. २६ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत च्यॉ मो टुन यांनी आमसभेत आपल्याच लष्कराविरुद्ध भाषण केलं आणि शेवटी तिथल्या निषेधाची खूण म्हणून तीन बोटं उंचावली. लष्करानं त्यांना दुसऱ्या दिवशी बडतर्फ केलं. पण कुठल्या देशाचा प्रतिनिधी कोण हे त्या देशातला सेनापती ठरवत नाही. आमसभेची अधिकारपत्र समिती ठरवते. ती नऊ जणांची, आणि तिच्यात अमेरिका, रशिया, चीन तिघंही बसतात. समितीनं निर्णय पुढं ढकलला, आणि ढकलतच राहिली. निर्णय न होणं हाच इथं निर्णय, कारण तोवर जुना राजदूत खुर्चीत राहतो.

मात्र हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उलटं घडलं. रोहिंग्यांच्या वंशसंहाराबद्दल गांबियानं २०१९ साली म्यानमारवर दावा लावला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर सुनावणी झाली तेव्हा म्यानमारच्या बाजूनं उभे राहिले ते लष्करी राजवटीचे मंत्री. न्यूयॉर्कमध्ये एक म्यानमार आणि हेगमध्ये दुसराच. याची किंमत पुढं मोजावी लागते. पदच्युत लोकप्रतिनिधींनी स्थापलेल्या राष्ट्रीय एकता सरकारनं २०२१ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं पत्र दिलं. ते पत्र देशाचं मानायचं तर देणाऱ्यांना देशाचं सरकार मानावं लागतं, आणि तिथंच ते पडून राहिलं. म्यानमार त्या न्यायालयाचा सदस्य नाही, बांगलादेश आहे. म्हणून सीमा ओलांडून बांगलादेशात हाकललेल्या रोहिंग्यांपुरताच तपास चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अभियोक्ता करीम खान यांनी उठाव करणारे लष्करप्रमुख मिन आंग लाइंग यांच्या अटकेसाठी अर्ज केला तो २०१७ मधल्या त्या प्रकरणाबद्दल. उठावानंतर मंडालेच्या रस्त्यावर झालेला गोळीबार त्यात येत नाही. वर्तमानपत्रांत हा फरक बहुतेक वेळा गाळला जातो.

शेजाऱ्यांचं थोडक्यात. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेनं २४ एप्रिल २०२१ ला जकार्तात खुद्द मिन आंग लाइंग यांना बोलावून पाच कलमं ठरवली: हिंसा थांबवणं, संवाद, विशेष दूत, मानवतावादी मदत, आणि दूताची सगळ्या बाजूंशी भेट. मुदत ठेवली नाही, न पाळल्यास काय तेही ठरवलं नाही. सेनापती घरी परतले आणि देश स्थिर झाल्यावर विचार करू म्हणाले. शिक्षा म्हणून ऑक्टोबरपासून शिखर परिषदेत ‘बिगर-राजकीय प्रतिनिधी’ पाठवा असं सांगण्यात आलं.

नायजरमध्ये पश्चिम आफ्रिकेच्या इकोवासनं याच्या नेमकं उलट केलं. चार दिवसांत सीमा बंद, व्यवहार बंद, आठवड्यात राष्ट्राध्यक्षांना सोडा नाहीतर सैन्य पाठवू अशी धमकी. नायजेरियानं वीज तोडली. नायजरची सुमारे सत्तर टक्के वीज तिथूनच येत होती. आठवडा संपला, सैन्य गेलं नाही. औषधं आणि धान्य महागलं, आणि राग सेनापतींवर निघायच्या ऐवजी इकोवासवर निघाला. जानेवारी २०२४ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर तिघांनीही संघटना सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि महिन्याभरात इकोवासनं बहुतेक निर्बंध मागं घेतले. निभावता येणार नाही ती धमकी द्यायची नाही हा पहिला धडा. सरसकट वीज तोडण्यानं राजवाड्यातला जनरेटर बंद पडत नाही, दवाखान्यातला पंखा पडतो, हा दुसरा.

खरा मुद्दा पैशाचा.

उठावानंतर सगळ्यात लवकर आणि सगळ्यात नेमकं लागू पडलेलं पाऊल बहुतेकांच्या लक्षातही नाही. म्यानमारच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे एक अब्ज डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये होते. उठावानंतर चारच दिवसांत ते हलवण्याचा प्रयत्न झाला. तो अडवला गेला, आणि १० फेब्रुवारीला अमेरिकेनं ते गोठवल्याचं जाहीर केलं. सुरक्षा परिषदेला बावीस महिने लागले, इथं दहा दिवस. कारण साधं आहे, पैसा ज्याच्या तिजोरीत होता त्यानंच कुलूप लावलं. कुणाची संमती घ्यावी लागली नाही.

पुढचे निर्बंध टप्प्याटप्प्यानं आले. आधी सेनापतींची नावं. त्याचा उपयोग मर्यादित, कारण त्यांचे पैसे स्वतःच्या नावावर नसतातच. मग २५ मार्चला लष्कराच्या दोन मोठ्या उद्योगसमूहांवर, एमईएचएल आणि एमईसीवर. बीअरपासून बंदरापर्यंत सगळ्यात त्यांचा हात. तरीही राजवटीचा परकीय चलनाचा सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे नैसर्गिक वायू, आणि तो विकणारी सरकारी कंपनी म्हणजे एमओजीई. युरोपीय संघानं तिला फेब्रुवारी २०२२ मध्ये यादीत घातलं. अमेरिकेनं पूर्ण यादीत घातलंच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला फक्त वित्तीय सेवा देण्यावर बंदी घातली. कारण तो वायू थायलंडची काही वीज चालवतो. म्यानमारमधल्या श्वे वायूप्रकल्पात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या दोन सरकारी कंपन्यांचाही वाटा आहे, हेही नोंदवून ठेवलेलं बरं. टोटलएनर्जीज आणि शेव्हरॉन यांनी जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पण कंपनी निघाली म्हणून विहीर बंद होत नाही. टोटलच्या हातातलं काम थायलंडच्या कंपनीकडं गेलं आणि वायू वाहतच राहिला.

याउलट बँकांवरचा घाव लागला. जून २०२३ मध्ये अमेरिकेनं म्यानमारच्या दोन सरकारी परकीय व्यापार बँकांवर निर्बंध घातले. शस्त्रखरेदीचे पैसे याच वाटेनं जायचे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी त्याआधीच्या महिन्यात अहवाल दिला होता: उठावापासून किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रं आणि त्यासाठीचा माल म्यानमारला गेला. रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७ कोटी, सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून २५.४ कोटी, भारतातून ५.१ कोटी, थायलंडमधून २.८ कोटी डॉलर. अहवाल आल्यावर सिंगापूरनं आपल्या कंपन्यांची चौकशी लावली. पुढच्या वर्षीच्या अहवालात आकडे असे: बँकांमार्फत होणारी ही खरेदी ३७.७ कोटींवरून २५.३ कोटींवर आली. सिंगापूरचा आकडा ११ कोटींवरून सुमारे एक कोटीवर. आणि थायलंडचा? ६ कोटींवरून जवळजवळ १३ कोटींवर. एक बोळ बुजवला की पाणी शेजारच्या बोळातून वाट काढतं, पण सगळं नाही. एकूण एक तृतीयांश कमी झालं. कुठल्याही निवेदनानं हे साधलं नव्हतं.

इंधनाचंही तसंच. लष्कराकडं बंडखोरांच्या तुलनेत एक गोष्ट जास्त आहे, विमानं. ११ एप्रिल २०२३ ला सागाइंगमधल्या पाझीजी गावावर झालेल्या हवाई हल्ल्यात १६० हून अधिक माणसं मेली. विमानाचं तेल देशात पुरेसं होत नाही, ते जहाजानं यांगूनजवळच्या थिलावा बंदरात उतरतं. प्रवासी विमानाचं आणि लढाऊ विमानाचं तेल एकच, त्यामुळं पुरवठादार ‘आम्ही नागरी वापरासाठी दिलं’ असं म्हणून सुटतो. ब्रिटन आणि कॅनडानं जानेवारी २०२३ मध्ये, अमेरिकेनं ऑगस्टमध्ये यावर निर्बंध आणले. मग तेल थेट येईना. ते व्हिएतनाममधल्या साठवण टाक्यांत उतरवून, दोन-तीनदा मालक बदलून पुन्हा जहाजात भरलं जाऊ लागलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं जहाजांच्या हालचाली आणि उपग्रहचित्रं जुळवून हे दाखवलं. असल्या ठिकाणी विक्रेत्याच्या मागं लागून फार उपयोग होत नाही, तो उद्या नवी कंपनी काढतो. जहाजाचा विमा हा कच्चा दुवा. जगातल्या बहुतेक मोठ्या जहाजांचा विमा मोजक्या संस्थांकडं असतो, आणि विम्याशिवाय जहाज बंदरात घेत नाहीत.

हे सगळं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदाराशी कुठं येऊन भिडतं? पंपाची कास्टिंग, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे भाग इथून बाहेर जातात, आणि यांगूनमधून चौकशी येऊ शकते. भारतीय कायद्यानं बंधनकारक निर्बंध फक्त सुरक्षा परिषदेचे, आणि म्यानमारवर तसे नाहीत. मग अडतं कुठं? बँकेत. बिल डॉलरमध्ये असेल तर पैसे न्यूयॉर्कमधल्या बँकेतून फिरून येतात, आणि तिथं अमेरिकेची यादी लागू होते. माल पोचलेला, पैसे महिनोन्‌महिने अडकलेले, आणि आपल्या शाखेतल्या अधिकाऱ्यालाही कारण सांगता येत नाही, असा प्रकार होतो.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी फक्त खरेदीदाराचं नाव तपासून भागत नाही. माल घेणारा, नोटिफाय पार्टी (माल पोचल्याची खबर ज्याला जाते तो), शेवटी वापरणारा, त्याची बँक, शिपिंग लाइन आणि कुठल्या टर्मिनलवर माल उतरणार, सहाही नावं तपासायची. टर्मिनलची जमीन कुणाची हेही विचारायचं. अदानी पोर्ट्सला यांगूनमधला प्रकल्प सोडावा लागला त्यामागं एमईसीकडून भाड्यानं घेतलेली जमीन होती. दुसरं, अमेरिकेचा पन्नास टक्क्यांचा नियम. कंपनीचं स्वतःचं नाव यादीत नसलं तरी यादीतल्या लोकांची तिच्यातली मालकी एकत्र मिळून पन्नास टक्के किंवा जास्त होत असेल तर तीही यादीत धरली जाते. एकाची तीस आणि दुसऱ्याची पंचवीस अशी बेरीज करायची. लोक इथंच फसतात, कारण दोघांकडं निम्म्याहून कमी असल्यामुळं चालतंय असं वाटतं. तिसरं, पैसे करारातल्या पार्टीऐवजी बँकॉक किंवा सिंगापूरच्या भलत्याच कंपनीकडून येत असतील तर थांबायचं. चौथं, आपल्याच परकीय व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येणाऱ्या मालाची यादी, बघायची. रासायनिक उद्योगासाठीच्या खास धातूंचे काही पंप आणि व्हॉल्व्ह तिच्यात येतात, आणि त्यांना परवाना लागतो. खरेदीदाराकडून शेवटच्या वापराचं लेखी पत्र घ्यायचं, आणि त्यात ‘जनरल ट्रेडिंग’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पत्र म्हणून धरायचं नाही.

उडदाच्या व्यवहारानं यातून वेगळी वाट काढली. जानेवारी २०२४ मध्ये रुपया आणि म्यानमारचं चलन क्यात यांत थेट व्यवहाराची सोय झाली, पंजाब नॅशनल बँकेतल्या विशेष रुपया खात्यामार्फत. डॉलर मध्ये नाही, म्हणून न्यूयॉर्कही मध्ये नाही. आता या व्यवहारातून लष्कराला काय मिळतं? बराच काळ तिथला नियम असा राहिला की निर्यातदारानं कमावलेल्या परकीय चलनाचा ठरावीक हिस्सा सरकारी दरानं बदलायचा. सरकारी दर डॉलरला २,१०० क्यात. २०२४ च्या मध्यावर खुल्या बाजारात त्याच्या दुपटीहून जास्त मिळत होते. मधला फरक राजवटीच्या खिशात, आणि तोटा शेवटी बागो आणि इरावतीच्या उडीद पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी. म्हणून उडीद घेणं बंद करा म्हणणंही सोपं नाही. ते बंद झालं तर सेनापतींचा एक हप्ता जाईल, शेतकऱ्याचं वर्ष जाईल. विकत घ्यावं, पण सक्तीच्या दराचा मुद्दा करार करणाऱ्या देशानं टेबलावर ठेवावा, एवढं तरी भारताला जमण्यासारखं होतं.

पुराव्यांचं काम सगळ्यात संथ आणि माझ्या मते सगळ्यात टिकाऊ. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ ला उठाव झाला. सांतियागोच्या चर्चनं चालवलेल्या मदतकेंद्रात १९७६ पासून नाहीशा झालेल्या माणसांची एकेक फाईल तयार होत गेली. कोण, कधी, कुणी नेलं, कुणी पाहिलं. लोकशाही परतल्यावर सत्यशोधन आयोगाला त्या फायली कामी आल्या. उठाव करणारे सेनापती पिनोशे यांना लंडनमध्ये अटक झाली ती १६ ऑक्टोबर १९९८ ला, उठावाला पंचवीस वर्षं उलटल्यावर. म्यानमारसाठी जिनिव्हात एक स्वतंत्र तपासयंत्रणा आहे, मानवी हक्क परिषदेनं २०१८ मध्ये स्थापलेली. ती खटला चालवत नाही. पुरावे गोळा करून, पारखून, जो कुणी न्यायालयात उभा राहील त्याच्या हवाली करते. अर्जेंटिनातल्या न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात मिन आंग लाइंग आणि स्यू की यांच्यासह अनेकांची अटक वॉरंटं काढली, ती जागतिक अधिकारक्षेत्राच्या तत्त्वावर, म्हणजे गंभीर गुन्हा कुठंही घडला तरी खटला चालवता येतो या आधारावर.

पुरावा बाद होतो तो बहुतेक वेळा खोटा म्हणून नाही, हाताळणीमुळं. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा फॉरवर्ड केला की तो दाबला जातो आणि कधी, कुठं चित्रित झाला ही आतली माहिती निघून जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, आणि मूळ फाईल त्याच फोनमध्ये हात न लावता ठेवायची. केबलनं कॉम्प्युटरवर उतरवायची, लगेच एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलचा ठसा म्हणता येईल असा आकडा, काढायचा, आणि तो आकडा, तारीख, वेळ, कुणाकडून कुणाकडं गेली हे वहीत लिहायचं. एक बिंदू बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळं दहा वर्षांनी फाईल तीच आहे हे सिद्ध करता येतं. चेहरे झाकायचे तर प्रतीवर, मूळ फाईलवर कधीच नाही. फेसबुक-यूट्यूबवर टाकलंय म्हणजे जपलंय असं समजू नये. सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीनं उडवले होते. आणि एकाच साक्षीदाराचा जबाब पाच संस्थांनी पाचदा घेऊ नये. प्रत्येक वेळी तपशील थोडा हलतो, बचावपक्षाला तेच हवं असतं, आणि त्या माणसाला तेच पुन्हा सोसावं लागतं ते वेगळंच. डिजिटल फाईल जपण्याबद्दल २०२० सालची बर्कली प्रोटोकॉल ही मार्गदर्शिका हेच सांगते.

आपल्या वकिलांना यात परकं काही वाटणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून इथंच बसत असल्यामुळं त्या रकान्यावरचे वाद आता कोल्हापुरातच ऐकायला मिळतील.

निर्वासितांबद्दल एकच गोष्ट. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. १० मार्च २०२१ ला केंद्रीय गृहखात्यानं ईशान्येतल्या राज्यांना येणाऱ्यांना रोखायला सांगितलं. मिझोरमनं ऐकलं नाही. म्यानमारमधले चिन लोक त्यांचे रक्ताचे, हजारोंना त्यांनी ठेवून घेतलं. आणि ३ मे २०२१ ला मणिपूर उच्च न्यायालयानं नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात सुखरूप जाऊ द्या असा हुकूम दिला. आधार घेतला अनुच्छेद २१ चा. तो अनुच्छेद ‘व्यक्ती’बद्दल बोलतो, नागरिकाबद्दल नाही. छळ होईल तिथं माणसाला परत ढकलू नये हे तत्त्व न्यायालयानं त्यातच वाचलं. सही नसली तरी वाट आहे, फक्त ती एकेका याचिकेनं उघडावी लागते, आणि दुसरं उच्च न्यायालय वेगळा विचार करू शकतं.

सध्या बघण्यासारखं असं. लष्करानं ३१ जुलै २०२५ ला आणीबाणी संपवली आणि २८ डिसेंबरपासून टप्प्याटप्प्यानं निवडणूक घेतली, जिथं ताबा नाही असे भाग वगळून आणि स्यू की यांचा पक्ष आधीच विसर्जित करून. त्याआधी, जुलैमध्येच, अमेरिकेनं राजवटीशी संबंधित काही कंपन्या आणि व्यक्ती निर्बंधांच्या यादीतून काढल्या. त्याचा मोठा गाजावाजा झाला नाही. आता ‘निवडून आलेलं सरकार’ म्हणून अभिनंदनाचे संदेश येतील, त्यांच्याकडं फार लक्ष देऊ नका. अधिकारपत्र समितीत खुर्ची कुणाला मिळते, त्या दोन परकीय व्यापार बँका यादीत राहतात की नाही, आणि थिलावाला तेलाची जहाजं थेट यायला लागतात का, या तीन गोष्टी बघा.